पाचवी प्रत

काकांबरोबर मी चार वर्षं काम केलं आणि एवढ्या काळात त्यांनी मला तोंडानं सांगून एकच गोष्ट शिकवली: दाबून लिहायचं. बाकीचं मी त्यांच्याकडे बघून शिकले, किंवा शिकलेच नाही. पण हे एक मात्र रोज, न चुकता, एकाच वाक्यात. "दाबून लिही वं माय, पाचवीवर उमटलं पाहिजे."

कामाची जागा म्हणजे छत्तीसगढातल्या आमच्या शहरात समता कॉलोनीतला एक पहिला मजला. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. कारखान्यांतले क्रेनवाले, ट्रकवाले, भट्टीवरचे लोक कंपन्या आमच्याकडे पाठवायच्या. माणूस नशा करून मशीनवर चढत नाही ना, हे तपासायला त्याची लघवी घ्यायची, बाटलीला सील लावायचं, फॉर्म भरायचा आणि नमुना मोठ्या लॅबला रवाना करायचा. चारचौघांत सांगायला जरा अवघडच. माझ्या सासूबाई शेजारणींना 'सून लॅबमध्ये आहे' एवढंच सांगतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा ठेवायला उठतात.

काकांना मात्र या कामाची काडीची लाज नव्हती. रेल्वेच्या दवाखान्यात लॅब असिस्टंट म्हणून उभा जन्म काढला, निवृत्त झाले, घरात करमेना म्हणून आमच्याकडे आले. ब्राह्मणपाऱ्यातून सायकलनं यायचे, उन्हाळ्यात डोक्यावर ओला गमछा. कामगार त्यांना बबा म्हणत, मी काका म्हणायची. आमचे संचालक तोंडावर बाबूजी म्हणत आणि पाठीमागे 'अपना म्यूज़ियम'.

फॉर्मवर नमुना देणाऱ्याच्या रकान्यापुढे 'डोनर' असं छापलेलं होतं. काकांनी त्याचा सरळ दाता करून टाकला. घाबरत घाबरत जिना चढून आलेल्या माणसाला ते उभे राहून म्हणायचे, "आओ दाता, बैठो. पानी पियोगे?" तो बिचारा मागे वळून बघायचा, आपल्या मागून कोणी मोठा माणूस आला की काय म्हणून. मी एकदा म्हटलं, "काका, मज़ाक लगता है उनको." तर म्हणाले, "मजाक कायचा? साऱ्या दुनियेत हे एकच दान आहे, जे देऊन देणाराच फसते. त्याले निदान दाता तं म्हणा."

पाणी स्टीलच्या ग्लासातून. कागदी कप त्यांना चालत नसे. लघवीचा कप आणि पाण्याचा कप एकाच जातीचा असू नये, हे त्यांचं शास्त्र. काही जणांना लाजेनं होतच नाही. असा एखादा अर्धा तास अडून बसला की काका बाथरूमच्या दाराबाहेर दोन ग्लास घेऊन उभे राहत आणि एका ग्लासातून दुसऱ्यात लांब धार धरून पाणी ओतत. चेहरा अगदी गंभीर, देवाला अभिषेक चालल्यासारखा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडावर ओढणी दाबून आतल्या खोलीत पळाले होते. पण आतल्या माणसाचं काम व्हायचं.

आता पाचव्या प्रतीचं सांगते. फॉर्म पाच पानांचा असायचा, वर लिहिलं की खाली आपोआप उमटणारा. पहिली प्रत लॅबची, दुसरी तपासणाऱ्या डॉक्टरची, तिसरी आमची, चौथी कंपनीची. पाचवी, पिवळी, त्या माणसाची स्वतःची. सगळ्यात खाली असल्यामुळे तिच्यावर सगळ्यात कमी उमटायचं. साध्या हातानं लिहिलं तर तिसऱ्या पानावर अक्षरं पुसट, चौथ्यावर अंदाजानं वाचायची, आणि पाचव्यावर नुसती सावली. इतर कोणाला त्याचं काही वाटत नसे. लॅबला मिळालं, कंपनीला मिळालं, झालं.

काका ती पिवळी प्रत फाडून खिडकीशी न्यायचे. चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरायचे. एखादं अक्षर जरी हललेलं दिसलं तरी टेबलाशी परत येऊन पेनानं एक एक अक्षर गिरवत बसायचे. तो माणूस ताटकळलेला, त्याच्यामागे रांग, खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतोय आणि हे शाळेतल्या पोरासारखे गिरवताहेत. पेन धरायचे ते छिन्नी धरावी तसं. आमच्या टेबलाच्या लाकडात त्यांच्या चार वर्षांच्या अक्षरांचे खड्डे होते. बोट फिरवलं तर एखादं नाव लागायचं.

इतका हट्ट का, हे मी तीनदा विचारलं आणि तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या बदलीच्या हुकमाची त्यांना मिळालेली प्रत इतकी फिकी होती की ते नागपूरऐवजी भलत्याच गावी जाऊन हजर झाले. दुसऱ्यांदा म्हणाले, दवाखान्यात असताना त्यांच्याच हातून एका बाईच्या चिठ्ठीवर रक्ताचा गट अंधुक उमटला होता, पुढे काही झालं नाही, पण ते महिनाभर जेवले नाहीत. तिसऱ्यांदा मी जरा चिडूनच विचारलं, तेव्हा म्हणाले, "काहून म्हणजे? चार जण मोठे आहेत, त्यांचं कुठंही निभते. पाचवा एकटा आहे." यातलं खरं कुठलं ते मला कळलं नाही. तिसरं असावं असं आता वाटतं.

त्या पिवळ्या प्रतीला एक पाठ होती. म्हणजे मागची बाजू. तिथे बारीक अक्षरात छापलेलं असे की तुम्ही सध्या कुठली औषधं घेत असाल तर स्वतःच्या आठवणीसाठी इथे लिहून ठेवा. हे फक्त त्या माणसासाठी. लॅब किंवा कंपनी बघत नाही. आम्ही बाकी सगळ्यांनी ते वाक्य आयुष्यात वाचलेलं नव्हतं. काका प्रत्येकाकडून ते भरून घ्यायचे. "दाता, दवई-गोली कुछ चल रही है? सर्दी, खाँसी, दाँत?" माणूस म्हणायचा, हव बबा, एक लाल गोली है. मग ती लाल गोळी कुठल्या डॉक्टरनं दिली, कधीपासून, रिकामं पाकीट खिशात आहे का, असा खोदून खोदून तपास. लिहिता न येणाऱ्याचं स्वतः लिहून द्यायचे आणि खाली तारखेसकट आपली सही ठोकायचे. वर बजावायचे, "इसको सँभाल के रखना. डॉक्टर का फोन आएगा तो यही पढ़ के बताना."

कारण फोन यायचा. तपासणीत काही निघालं तर अहवाल कंपनीकडे जाण्याआधी परगावी बसलेला एक डॉक्टर त्या माणसाला फोन करून विचारतो की बाबा, तू काही औषध घेत होतास का. खोकल्याच्या काही औषधांत अफूचा अंश असतो, तो तपासणीत निघतो. औषध आहे हे पटलं तर डॉक्टर तिथेच प्रकरण मिटवतो. एवढ्या एका फोनवर माणसाची नोकरी टांगलेली असते.

मग कागदाऐवजी टॅबलेट आले.

मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. कागदी फॉर्मवर एक सही राहिली की अख्खा नमुना बाद. सातचा एक वाचला गेला की फोनाफोनी. कारभार माझ्या नावावर होता, त्यामुळे बोलणी मीच खायची. टॅबलेटवर रकाना रिकामा ठेवला तर तो पुढेच जाऊ देत नाही. तेलीबांधा भागातल्या ऑफिसात आम्हाला बोलावून टॅबलेटच्या कंपनीच्या एका गोड बोलणाऱ्या माणसानं सगळं दाखवलं. काकांनी टॅबलेट हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"क्या ढूँढ़ रहे हैं, सर?" त्यानं विचारलं.

"इसकी पीठ किधर है?"

"सर, स्क्रोल कीजिए, सब नीचे है."

काकांनी खालपर्यंत सरकवून पाहिलं. औषधांचा रकाना नव्हता. पाचवी प्रत नव्हती. तिच्याऐवजी मोबाईलवर एक लिंक जाणार होती. ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "कागदाले पाठ असते वं. याले पाठच नाही." सगळे हसले. मीही हसले. परत येताना ऑटोत मला वाटलं, म्हातारा आहे, सवय होईल.

सवय कसली होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी इतकं दाबून सही करून दाखवली की एका टॅबलेटच्या काचेला तडा गेला. संचालकांनी त्यांना टॅबलेटपासून चार हात लांब ठेवायचा हुकूम काढला. पाणी द्यायचं आणि कमोडच्या टाकीत निळा रंग टाकायचा, म्हणजे कोणी तिथलं पाणी कपात मिसळू नये. एवढंच काम त्यांच्याकडे उरलं. टॅबलेट माझ्या हातात. भट्टीवर घासलेल्या बोटांची सही काचेवर उमटायची नाही, तेव्हा काका लांबूनच ओला फडका पुढे करायचे. मी हिंदीत काही म्हटलं तर विचारायचे, "मराठी तोंडातून निघत नाही, की मराठीत खोटं बोलता येत नाही तुले?" घरात आम्ही मराठीच. मला वाचता-लिहिताही नीट येतं. पण समोर माणूस आला की तोंडातून हिंदीच निघते, इथल्या माझ्या वयाच्या सगळ्यांचं तसंच आहे.

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ते पाण्याच्या ग्लासाबरोबर प्रत्येकाच्या हातात काहीतरी देतात. जुन्या फॉर्मची चार-पाच पॅडं रद्दीत टाकायची राहिली होती. त्यांतली फक्त पिवळी पानं काढून, वर नमुन्याचा नंबर लिहून, मागे औषधं लिहून, सही करून ते वाटत होते. मी ओरडले. "काका, ये अलाउड नहीं है! कंपनी ने लिख के दिया है, काग़ज़ बिलकुल नहीं." ते म्हणाले, "हव, हव." इथे छत्तीसगढीत हव म्हणजे हो. काकांच्या तोंडी दोनदा हव म्हणजे नाही. मी तक्रार केली नाही, एवढंच माझं पुण्य.

आणि आता माझं पाप. टॅबलेटवर कामगारांची नावं, मोबाईल नंबर आधीच भरलेले यायचे, ठेकेदाराच्या यादीवरून. एका दुपारी एक क्रेन ऑपरेटर आला. उंच, वाकून चालणारा, बोलता बोलता खोकणारा. पडदा बघून म्हणाला, "दीदी, ये नंबर मोर नोहय. ये तो सुपरवाइज़र के आय." हा नंबर माझा नाही, सुपरवायझरचा आहे. नंबर बदलायचा तर कंपनीला विनंती पाठवायची, त्यांनी मंजूर करायची, तोवर त्याचा फॉर्म अडकून बसणार. मागे रांग होती, डोकं दुखत होतं, पंखाही धड फिरत नव्हता. मी म्हटलं, "चलेगा भैया, आगे बढ़ो." आणि तो पुढे गेला. माझ्या शब्दावर गेला.

पुढचं सांगायला फार काही नाही. त्याच्या नमुन्यात अफूचा अंश निघाला. डॉक्टरनं फोन केला, तो सुपरवायझरला लागला. त्यानं दोनदा 'रॉन्ग नंबर' म्हणून ठेवून दिला. उत्तर नाही म्हणून डॉक्टरनं तसाच अहवाल कंपनीला पाठवून प्रकरण बंद केलं, आणि एका सकाळी कारखान्याच्या गेटवर त्या माणसाचं कार्ड चाललं नाही.

आठवड्यानंतर तो आमचा जिना चढून आला, बायकोला घेऊन. माझ्याकडे न बघता सरळ काकांपुढे जाऊन उभा राहिला. मोबाईलचं कव्हर उघडलं आणि आतून चार घड्यांचा पिवळा कागद काढला. "बबा, तैं कहे रेहे, सँभाल के रखबे." बबा, तुम्ही म्हणाला होतात, जपून ठेव. मागच्या बाजूला काकांच्या ठोकळ अक्षरात खोकल्याच्या औषधाचं नाव, डॉक्टरचं नाव, त्या दुपारची तारीख, आणि खाली सही. वाचायला चष्मा लागत नव्हता.

बायको बाकावर बसली होती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ये दारू तक नइ पियय दीदी." हा दारूसुद्धा पीत नाही. मी मान हलवत राहिले. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

संचालकांनी त्या माणसाच्या कंपनीला फोन लावला. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टरची चिठ्ठी कोणीही मागाहून बनवून आणतो. पण निकाल लागायच्या आधी, नमुना देतानाच त्यानं औषध सांगितलं होतं, हे कोणी लिहून दिलं तर विचार करू. कागद तर सिस्टीममध्ये नाही. म्हणजे तुमच्या केंद्रानं लेखी कबूल करा की आमच्या माणसानं बंदी असताना हा कागद त्या दिवशी दिला. संचालकांनी फोन ठेवला आणि काकांना म्हणाले, "बाबूजी, ये लिख के दूँगा तो आपको रख नहीं पाऊँगा. न लिखूँ तो ये आदमी गया. आप बोलिए."

काका म्हणाले, "बोलना क्या है. लिखो."

गंमत बघा. सगळं टॅबलेटवर गेलं होतं, पण कोणाच्या चुकीचा अहवाल लिहायचा फॉर्म अजून कागदीच होता. तोच पाच पानी. त्यातली शेवटची प्रत ज्याची चूक त्याला द्यायची. लिहिणार कारभार पाहणारी व्यक्ती, म्हणजे मी.

आम्ही दोघं त्या खड्डे पडलेल्या टेबलाशी बसलो. काका सांगत होते, मी लिहीत होते. कर्मचाऱ्यानं मनाई असताना जुन्या फॉर्मचा कागद दिला. कर्मचाऱ्याला नियम माहीत होता. नमुना देणाऱ्यानं औषध त्याच वेळी सांगितलं होतं. एवढं झाल्यावर मी थांबले. म्हटलं, "और नंबर वाली बात? वो तो मैंने—"

"ते नको लिहू."

"काका, फोन मेरी वजह से नहीं लगा उसको."

"मले माहीत आहे. मी तिथंच उभा होतो, ग्लास घेऊन." ते खिडकीबाहेर बघत होते. "एकानं जाऊन काम होते तं दोघं कायले जायचं? तुये लेकरं शाळेत आहेत. मी तं सायकलवर येतो."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं की नाही, मी लिहिणार. मनात वाक्य तयार होतं. हात मात्र पुढच्या ओळीवर गेला आणि त्यांनी सांगितलं तेवढंच लिहून मोकळा झाला. मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला अजून सुटलेली नाही.

फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेन छिन्नीसारखं धरलं आणि टेबल हलेल अशी सही केली. मी पानं वेगळी केली. पाचवी त्यांच्या हातात दिली आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. टॅबलेटवर बोट फिरवून फिरवून माझ्या हातातला जोर गेला होता, की अर्धं खरं दाबून लिहायला हात धजला नव्हता, कोण जाणे. पिवळ्या कागदावर काहीच उमटलेलं नव्हतं. कोरं पान, आणि तळाशी ठसठशीत त्यांची सही.

त्यांनी सवयीनं तो खिडकीशी नेला. चष्मा कपाळावर चढवला. उजेडात धरला. बराच वेळ धरला.

माझ्या तोंडून मराठी निघाली. "थांबा काका, आणा इकडे. मी गिरवून देते."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "राहू दे वं माय. मले पाठ आहे."

मग दोन्ही स्टीलचे ग्लास धुतले, फडक्यावर पालथे घातले, गमछा ओला केला आणि जिना उतरून गेले. पाचवी प्रत फिकी असताना माणसाला जिना उतरू द्यायचा नाही, हा नियम त्यांनी चार वर्षांत एकदाच मोडला.

तो क्रेनवाला कामावर परत लागला. मधे एकदा तपासणीला आला होता. त्यानं विचारलं, "बबा नइ हे?" मी म्हटलं, रिटायर हो गए. आता कोणी म्हणालं की हा नंबर माझा नाही, तर मी रांग थांबवते, विनंती पाठवते, बसचा हॉर्न वाजू देते. पाणी अजून स्टीलच्या ग्लासातच देते. ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्या घरी जायचं दर रविवारी ठरवते आणि जात नाही.

त्या अहवालात मी काय काय लिहिलं होतं, ते आता नीट आठवत नाही. काय लिहिलं नव्हतं, ते मात्र मला पाठ आहे.